बारगीर ते शिलेदार

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



या कार्यक्रमात माझं भाषण ठेवावं असं सेक्रेटरीसाहेबांनी सुचवलं तेव्हा मी विचारलं, "विषय काय?" ते म्हणाले, "तुम्ही घरी बसून जे काय करता त्यावरच बोला की! लोकांना नेमकं कळत नाही." हे अगदी खरं आहे. आपल्या जुन्या वॉचमनमामांची अनेक वर्षं समजूत होती की मी शाळामास्तर आहे आणि बाराही महिने पेपर तपासतो. हातात लाल पेन, पुढ्यात कागदांचा गठ्ठा. दुसरं काय समजणार? शेजारच्या एका वहिनींनी तर आमच्या हिला हळूच विचारलं होतं, "भाऊजींना पेन्शन कमी पडतं का हो?" तेव्हा आज जाहीर खुलासा करतो.

मी बी. ए. झालो, १९७३ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेत लागलो आणि २०१० साली अधिकारी म्हणून निवृत्त झालो. भुशीतला हा फ्लॅट बँकेच्याच कर्जातून घेतलेला होता, तिथे कायमचे राहायला आलो. बँकेत असताना गृहपत्रिकेचं काम माझ्याकडे असायचं. परिपत्रकांचं मराठी करणं, कुणाच्या कविता दुरुस्त करणं, निवृत्त होणाऱ्यांची निरोपपत्रं लिहिणं, हे सगळं मी हौसेनं करत होतो. निवृत्तीनंतर पुण्यातल्या एका प्रकाशकांनी प्रुफं वाचायला दिली. मग संपादन आलं, भाषांतर आलं, दुसऱ्यांची आत्मचरित्रं आली, संस्थांच्या स्मरणिका आल्या. गेली चौदा वर्षं हे चालू आहे. याला इंग्रजीत फ्रीलान्स म्हणतात. मराठीत आपण 'मुक्त लेखक', 'मुक्त पत्रकार' म्हणतो. 'मुक्त' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस मोकळाच आहे, याला काहीही काम सांगावं.

'फ्रीलान्स' हा शब्द वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' या १८१९ च्या कादंबरीमुळे रूढ झाला. कुणा एका सरदाराशी बांधला न गेलेला, स्वतःचा भाला घेऊन मोबदल्यावर लढणारा शिपाई असा त्याचा अर्थ. आता याला आपल्याकडे शब्द नाही का? आहे की! मराठ्यांच्या फौजेत बारगीर असत आणि शिलेदार असत. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येई. शिलेदाराला मान जास्त, मोबदलाही जास्त. पण घोड्याचा दाणावैरण त्याचा त्याला बघावा लागे, आणि घोडा मेला तर शिलेदार अर्धा बुडालाच.

मी सदतीस वर्षं बारगीर होतो. टेबल बँकेचं, पंखा बँकेचा, पेनसुद्धा बँकेचं. आजारी पडलो तरी एक तारखेला पगार जमा. आता चौदा वर्षं शिलेदार आहे. कॉम्प्युटर माझा, वीजबिल माझं, डोळे माझे. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशन्स झाली तेव्हा दोन महिने काम बंद आणि जमाही बंद.

आता काम काय असतं ते सांगतो. पुस्तक छापताना सोळा पानांचा एक फर्मा धरतात. दहा फर्म्यांचं पुस्तक म्हणजे एकशेसाठ पानं. प्रुफं वाचणाऱ्यानं ती कमीत कमी दोनदा वाचायची. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ सालचे. १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडून एकूण अठरा झाले. हे नियम पाठ असून भागत नाही, ते डोळ्यांत बसावे लागतात. त्यात डीटीपीवाल्याचा फॉन्ट एक आणि प्रकाशकाचा दुसरा असला, की मजकूर इकडून तिकडे नेताना रफार उडतात आणि जोडाक्षरं फुटतात. म्हणजे लेखकानं बरोबर लिहिलेलंही पुन्हा नीट करत बसायचं.

संपादनाचं काम याच्या पुढचं. तिसऱ्या प्रकरणात वारलेले काका सातव्या प्रकरणात लग्नाला आले तर ते पकडायचे. एकच प्रसंग तीनदा आला असेल तर कुठला ठेवायचा ते लेखकाला पटवायचं, आणि तेही त्यांचं मन न दुखावता.

आपल्या भुशीचं पाणी यात आणखी वेगळं. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी लेखकांचा हंगाम दिवाळीशी बांधला गेला. दिवाळीत अंक हवा म्हणजे त्याची प्रुफं येणार जुलै ते सप्टेंबरात. नेमका तेव्हाच आपल्याकडे पाऊस कोसळतो, वीज जाते, कागद पापडासारखे सादळतात आणि पुस्तकांच्या कपाटाला बुरशी येते. शनिवार-रविवारी धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली की कुरिअरवाला फोन करून सांगतो, "काका, उद्या आणतो." सुरुवातीची काही वर्षं मी प्रुफं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून लोकलनं पुण्याला नेत होतो. शिवाजीनगरला उतरून अप्पा बळवंत चौकापर्यंत चालत. आता ईमेलमुळे तो त्रास वाचला, पण वीज गेली की ईमेलही गेला.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न: यावर भागतं का?

मराठीतल्या मोठ्या लेखकांकडे पाहा. श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत होते. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत होते. गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्र शिकवत. म्हणजे कादंबऱ्या-कथा या मंडळींनी लिहिल्या, पण घरचा किराणा पगारातून आला. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा हजाराच्या वर गेल्या. इतकं लिहिलं तेव्हा कुठे लेखणी घर चालवते.

आणि एक उदाहरण आपल्या मावळातलंच आहे. लोणावळ्याहून लोकलमध्ये बसलात की मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव आणि मग तळेगाव. तिथे गो. नी. दांडेकर राहिले. गोनीदांनी नोकरी न करता लेखणीवर जगायचं ठरवलं आणि तसे ते जगले. कादंबऱ्या लिहिल्या, मुलांसाठी लिहिलं, प्रवासवर्णनं लिहिली, गडकिल्ल्यांवर लिहिलं, गावोगाव व्याख्यानं दिली. 'पवनाकाठचा धोंडी' आपल्या पवन मावळातला, 'माचीवरला बुधा' समोरच्या राजमाचीवरचा. १९७६ साली 'स्मरणगाथा'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९८१ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. आपण हा मान बघतो. त्यामागे किती पानं लिहावी लागली असतील, ती मी माझ्या धंद्याच्या नजरेनं मोजतो आणि थक्क होतो. ते खरे शिलेदार. माझ्यामागे पेन्शन उभं आहे.

बँकेतली सवय म्हणून मी पहिल्या दिवसापासून वही ठेवली. २०११-१२ सालचा हिशोब वाचून दाखवतो. कामं सतरा. जमा एकसष्ट हजार दोनशे पन्नास रुपये. कागद, टोनर, प्रवास, शब्दकोश, इंटरनेट मिळून खर्च चौदा हजार तीनशे. राहिले सेहेचाळीस हजार नऊशे पन्नास. कामाचे तास नऊशे. म्हणजे तासाला साधारण बावन्न रुपये. त्याच वर्षी आपल्याकडे नळ दुरुस्त करायला येणारा प्लंबर एका फेरीचे दीडशे घ्यायचा, आणि त्याला कोणी "सहज एक नजर टाका" असं म्हणत नव्हतं.

हे "सहज एक नजर टाका" मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. लग्नपत्रिका, अर्ज, मुलाचा प्रोजेक्ट, मेहुण्यांचा कवितासंग्रह. लग्नपत्रिका मी आनंदानं बघतो, शेजारधर्म आहे. पण दीडशे कवितांवर नजर टाकायला आठ दिवस लागतात, मंडळी!

दुसरं दुखणं उशिरा येणाऱ्या पैशांचं. एका प्रकाशकांकडचं माझं बिल चौदा महिन्यांनी मिळालं. दर वेळी फोनवर आवाज गोड, चहाचं आमंत्रणही. बँकेत मी लघुउद्योगांची कर्जं बघत असे, त्यामुळे एक गोष्ट ठाऊक होती. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायचे असतात, उशीर झाला तर व्याजासकट. ही तरतूद नुसती नटबोल्ट बनवणाऱ्यांसाठी नाही, सेवा देणाऱ्यांसाठीही आहे. मी उद्यम नोंदणी केली आणि बिलाच्या तळाशी तो नंबर टाकायला लागलो. भांडावं लागलं नाही. बिलं लवकर निघू लागली.

तिसरी गोष्ट हक्काची, आणि लिहिणाऱ्या तरुणांनी ही जरूर लक्षात ठेवावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात बारगीर-शिलेदाराचा फरक अगदी स्पष्ट आहे. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला मजकूर, वेगळा करार नसेल तर मालकाचा. सदतीस वर्षांत मी लिहिलेलं एकही परिपत्रक माझं नाही. पण स्वतंत्रपणे लिहिलेल्या लेखाचा पहिला मालक लेखक. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, त्यावर सही लागते. किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत धरतात. लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं हा हक्क वारसांकडे राहतो. एवढी मोठी मालमत्ता आपण फोनवर "हो हो, छापा की" म्हणून देऊन टाकतो. फ्लॅटचं ॲग्रीमेंट कोणी फोनवर करेल का?

तुम्ही म्हणाल, इतका हिशोबी माणूस तासाला बावन्न रुपयांसाठी डोळे का फोडतो? त्यासाठी एका कामाबद्दल सांगतो.

२०१४ साली पवन मावळातले एक गृहस्थ आले. सत्तरी ओलांडलेली, शिक्षण चौथीपर्यंत. पवना धरणात त्यांची जमीन गेली होती. पाच दोनशेपानी वह्यांमध्ये त्यांनी आपलं आयुष्य लिहून काढलं होतं. सोबत मुलगा होता, पिंपरीत कंपनीत कामाला. तो म्हणाला, "सर, आबांची भाषा गावठी आहे. पुस्तकासारखी शुद्ध करून द्या." त्यानं स्वतः चार पानं शुद्ध करूनही आणली होती.

वहीत आबांनी लिहिलं होतं, "आवणी झाली व्हती, आन् खाचर पाण्यात गेलं." मुलानं केलं होतं, "भातलावणी पूर्ण झालेली असताना शेतजमीन जलमय झाली." इरल्याचं त्यानं 'पावसापासून संरक्षण करणारं आच्छादन' केलं होतं. व्याकरणाच्या दृष्टीनं मुलाचं एकही वाक्य चुकलेलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो आणि दोन्ही मजकूर मोठ्यानं वाचून दाखवले. आधी वहीतला. आबा मान डोलवत ऐकत होते. मग मुलानं केलेला वाचला. आबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "ह्ये कोनाचं हाय?"

मुलगा काही बोलला नाही. बाहेर जाऊन आला आणि म्हणाला, "सर, आबांचंच ठेवा."

मग मी काम केलं. तारखा आणि साल जुळवले, तीनदा आलेले प्रसंग एकदा केले, परिच्छेद पाडले, गावांची नावं तपासली. आवणी, राब, खाचर, इरलं हे सगळे शब्द जिथल्या तिथे राहिले. शहरात वाढलेल्या नातवंडांसाठी शेवटी दोन पानांची शब्दांची यादी दिली. दोनशे प्रती छापल्या, भावकीत वाटल्या. त्या पुस्तकावर माझं नाव नाही, आणि ते नसावं हेच बरोबर होतं.

पैशांचं बोलणं निघालं तेव्हा मी नेहमीपेक्षा कमी रक्कम सांगितली. आबांनी मुलाला पूर्ण दर विचारून घेतला आणि कापडी पिशवीतून तेवढे पैसे मोजून ठेवले. म्हणाले, "आवणीला बाई लावली तर मजुरी द्यावी लागती. ह्ये बी कामच हाय की." वर पावतीही मागून घेतली. चौदा वर्षांत माझ्या कामाला काम म्हणणारी माणसं बरीच भेटली, पण इतक्या सरळ कोणी म्हटलं नाही.

आता शेवटचा मुद्दा. आपल्याच सोसायटीतली एक मुलगी गेल्या महिन्यात माझ्याकडे आली होती. रोज हिंजवडीला जाते-येते, भाषा उत्तम, भाषांतर चांगलं करते. म्हणाली, "काका, नोकरी सोडून हेच काम करू का?" दुसऱ्या दिवशी तिची आई आमच्या हिच्याकडे आली: "भाऊजींना सांगा, तिला नादी लावू नका." दोघीही आज समोर बसल्या आहेत, म्हणून दोघींना एकदमच उत्तर देतो.

नोकरी सोडण्याआधी वर्षभराचा घरखर्च बाजूला असू दे. आरोग्य विमा स्वतःच्या नावावर घे, कारण कंपनीचा विमा नोकरीबरोबर जातो. एकाच प्रकाशकावर किंवा एकाच कंपनीवर निम्म्याहून जास्त जमा अवलंबून ठेवू नकोस. आम्ही बँकेत सगळं कर्ज एकाच पार्टीला देत नव्हतो, तसंच हे. काम घेताना पानं, दर, मुदत आणि पैसे कधी मिळणार, या चार गोष्टी लिहून घे. आणि रोज तासभर कुणाचंही काम नसलेलं वाचन कर. तो घोड्याचा दाणा आहे. तो बंद पडला की दोन वर्षांत भाषा अशक्त होते, आणि ते आधी गिऱ्हाइकाला कळतं, मग आपल्याला.

ती म्हणाली, "काका, आता मशीन भाषांतर करतं. मग आमचं काय राहणार?" मलाही आता मशीननं केलेले मजकूर येतात, तेच "सहज एक नजर टाका" म्हणत. वाचायला गुळगुळीत असतात. अशा वेळी मी आबांचा प्रश्न विचारतो, "ह्ये कोनाचं हाय?" पुष्कळदा तो मजकूर कोणाचाच नसतो. त्याला माणसाचा आवाज द्यायला मूळ भाषांतराइतकाच वेळ लागतो, तेव्हा दरही तेवढाच लाव. साधी, ठरावीक कामं कमी होतील हे मात्र खरं आहे. त्यावर विसंबून नोकरी सोडू नकोस. ज्या कामात समोरच्या माणसाचं ऐकून घ्यावं लागतं ते शिक.

आणि वहिनी, तुम्हाला एवढंच सांगतो. पोरीला शिलेदार व्हायचं असेल तर तिला "मोकळीच तर आहेस" असं म्हणू नका. तिच्या कामाच्या तासांत दार ढकलून गॅसच्या नंबराला लावू नका. निम्मं भांडवल तेच आहे. सोडायची की नाही हे ती हिशोब मांडून ठरवेल. अजून ठरवते आहे, घाई नाही.

जाता जाता सोसायटीबद्दल. या स्मरणिकेसाठी मी गेल्या पंचवीस वर्षांची इतिवृत्तं वाचली. पाण्याच्या टाकीचा वाद, गच्चीची गळती, पार्किंगचे ठराव, लॉकडाउनमध्ये ज्येष्ठांना औषधं पोचवण्याची व्यवस्था. हे सगळं आजवरच्या सेक्रेटरींनी आपली नोकरी-धंदा सांभाळून, बिनपगारी, रात्री जागून लिहिलं आहे. तेही कामच आहे. त्यांच्यासाठी एकदा टाळ्या झाल्या पाहिजेत.

या इतिवृत्तांतून आणि जुन्या सभासदांच्या आठवणींतून सोसायटीचा छोटासा इतिहास तयार करावा असं माझ्या मनात आहे. सुवर्णमहोत्सवाला मी असेन-नसेन, पण तेव्हाच्या मुलांच्या हाती तो असावा. रविवारी सकाळी दहा ते बारा मी घरीच असतो. ज्यांना आठवणी सांगायच्या आहेत त्यांनी यावं, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत सांगावं. शुद्ध बोलायची अजिबात गरज नाही. हे काम मी एक पैसाही न घेता करणार आहे. कोणी फुकट मागितलं म्हणून नव्हे, माझ्या राजीखुशीनं. तेवढी मोकळीक शिलेदाराला असते.